पाहून आलेलें बळ

पोहण्याच्या कलेवर कितीहि सुबोध पुस्तक लिहिलें, तरी तें वाचून विहिरींत उडी टाकणारा मुलगा सहसा आढळावयाचा नाहीं. तोच मुलगा चार दिवस विहिरीच्या कांठावर बसतो. आपल्याच आळींतील, आपल्याच वयाच्या दुसऱ्या मुलास पाठीला भोपळा बांधून पाण्यांत उतरतांना पाहतो. त्याच्या नाकातोंडांत पाणी गेलेलें पाहतो, आणि एवढें होऊनहि तो बुडाला नाहीं हेंहि पाहतो. पांचव्या दिवशीं तो मुकाट्यानें आपल्या पाठीला भोपळा बांधून घेतो. या चार दिवसांत त्याला पोहतां येऊं लागलें असें नाहीं. मात्र पाण्यांत उतरण्यापूर्वीं मनास जी एक परवानगी लागते, ती त्याला मिळालेली असते. आणि ती वडिलांनीं किंवा गुरुजींनीं दिलेली नसून, कांठावरून पाहिलेल्या त्या दुसऱ्या मुलानें नकळत दिलेली असते.

‘ढवळ्याशेजारीं बांधला पवळ्या, वाण नाहीं पण गुण लागला,’ अशी आपल्याकडे म्हण आहे. ही म्हण बहुधा वाईट संगतीविषयीं वापरली जाते. परंतु शेजारानें जसा दुर्गुण लागतो, तसें धैर्यहि लागतें काय? लागत असेल, तर तें कोणत्या शेजारानें लागतें व कोणत्या शेजारानें लागत नाहीं? प्रश्न साधा दिसतो. पण समाजांत एखादी नवी रीति कशी रुजते, याचें बरेंचसें उत्तर त्यांत सांठविलेलें आहे.

या प्रश्नाचा प्रयोगांच्या साह्यानें पाठपुरावा करणाऱ्यांत अल्बर्ट बँडुरा या मानसशास्त्रज्ञाचें नांव अग्रभागीं आहे. त्यांचा जन्म १९२५ सालीं कॅनडांत झाला; अध्यापन व संशोधन त्यांनीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत केलें; २०२१ सालीं ते निवर्तले. १९६१ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगांत ७२ लहान मुलें होतीं. त्यांपैकीं कांहींच्या देखत एका मोठ्या माणसानें हवा भरलेल्या बाहुल्यास बदडून काढलें. कांहींच्या देखत मोठें माणूस शांतपणें दुसरा खेळ खेळत राहिलें. उरलेल्यांना यांपैकीं कांहींच दाखविलें नाहीं. पुढें तसाच बाहुला समोर ठेवल्यावर, मारहाण पाहिलेल्या मुलांपैकीं पुष्कळांनीं तेच ठोसे व तेच शब्द जसेच्या तसे उचलले. त्यांना कोणी शिकविलें नव्हतें, बक्षिसाची लालूच दाखविली नव्हती. त्यांनीं फक्त पाहिलें होतें.

पुढें सापाला भिणाऱ्या माणसांवर प्रयोग करतांना असें आढळलें, कीं भीति घालविण्यास नुसता उपदेश फारसा पुरत नाहीं. दुसऱ्या माणसास साप हाताळतांना पाहावें, आणि मग त्याच्याच आधारानें आपणहि हळूहळू हात पुढें करावा, ही रीत अधिक गुणकारी ठरली. १९७७ सालीं बँडुरा यांनीं आत्मविश्वासाची मीमांसा मांडली. ‘हें माझ्या हातून होईल’ या भावनेचे त्यांनीं चार झरे सांगितले: स्वतः मिळविलेलें यश, आपल्यासारख्या दुसऱ्यास यश मिळालेलें पाहणें, इतरांनीं दिलेलें उत्तेजन, आणि शरीर व मन यांची त्या वेळची अवस्था. यांतील दुसऱ्या झऱ्याच्या वर्णनांत ‘आपल्यासारख्या’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. पाहणाराला आदर्श जितका आपल्यासारखा वाटतो, तितकें त्याचें यश पाहणाराला आपलेंसें वाटतें; आणि आदर्श फारच निराळा वाटला, तर मनांत कौतुक उत्पन्न होतें, पण हात पुढें होत नाहीं.

हा सिद्धांत पारखून पाहावयास प्रयोगशाळाच हवी असें नाहीं. महाराष्ट्रांतील स्त्रीशिक्षणाच्या इतिहासांत, विशेषतः १८८२ पासून १९२० पर्यंतच्या काळांत, त्याची साक्ष ठायीं ठायीं मिळते. हा इतिहास बहुधा सुधारकांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कोणीं कोणता लेख लिहिला, कोणत्या सभेंत कोण काय बोलले, सरकारनें कोणता कायदा केला, याचीं वर्णनें त्यांत सविस्तर असतात. परंतु कोणत्या स्त्रीनें कोणत्या स्त्रीस पाहिलें, हा धागा हातीं घेतला, म्हणजे त्याच इतिहासाचें एक निराळें व अधिक घरगुती रूप दिसूं लागतें.

विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीं झाला. कायद्यानें परवानगी दिली. पण कायदा पाहून कोणा विधवेचें पाऊल उंबरठ्याबाहेर पडलें असें क्वचितच झालें. याचें कारण असें, कीं ज्या घरांत ती वाढली, त्या घरानें तिला निराळेंच कांहीं दाखविलें होतें. त्या काळच्या ब्राह्मण घरांत केशवपन केलेली, आलवण नेसलेली आत्या किंवा काकी असे. ती पहाटेपासून घरच्या कामाला जुंपलेली असे. एकवेळ जेवीत असे. आणि मंगलकार्य निघालें, म्हणजे माजघराच्याहि पलीकडे सरत असे. घरांतील सात-आठ वर्षांची मुलगी हें सर्व रोज पाही. तिच्यापुढें धर्मशास्त्र उघडून कोणी बसत नसे. त्याची गरजहि नव्हती. पुढें दैव ओढवलें आणि तीच मुलगी विधवा झाली, कीं कोठें बसावें, मान किती खालीं घालावी, काय मागूं नये, हें तिला न सांगतां येत असे. धैर्य जसें पाहून येतें, तशी असहायताहि पाहूनच येते. आणि ती लहानपणापासून रोज दिसत असल्यामुळें अधिक खोलवर रुजते. सुधारकांची खरी लढाई पोथीशीं जितकी होती, तितकीच या रोजच्या देखाव्याशीं होती.

हा देखावा प्रथम बदलला, तो शाळेच्या खोलींत. १८४८ सालीं पुण्यास भिडे यांच्या वाड्यांत जोतीराव फुले यांनीं मुलींची शाळा काढली व तेथें सावित्रीबाई शिकवूं लागल्या. शिक्षकाच्या जागीं बाई बसलेली आहे, हें दृश्यच त्या मुलींना नवें होतें. धड्यांतून त्या काय शिकल्या असतील तें असो. बाईमाणूस शिकवूं शकतें, हा धडा मात्र त्यांना पुस्तक न उघडतां मिळाला. याच शाळांतून पुढें आलेल्या मुक्ता साळवे या मांग जातीच्या मुलीचा निबंध १८५५ सालीं ‘ज्ञानोदय’ पत्रांत छापला गेला, आणि मांग-महारांचें दुःख त्याच समाजांतील मुलीच्या लेखणीनें लोकांपुढें आलें.

त्यानंतर दोन तपांहून अधिक काळ लोटला, आणि १८८२ सालीं पंडिता रमाबाई पुण्यास आल्या. वयाला अवघीं २४ वर्षें. पति नुकतेच निवर्तलेले. जवळ एक लहान मुलगी. अशी विधवा स्त्री सभेंत उभी राहून संस्कृत वचनांच्या आधारें बोलत होती. त्याच वर्षीं त्यांनीं आर्य महिला समाज स्थापन केला, व शिक्षणविषयक हंटर कमिशनपुढें साक्ष दिली. पुण्यांतील बायका त्यांना पाहावयास व ऐकावयास जमत. परंतु पंडिताबाईंचा जन्मच निराळ्या वातावरणांतला होता. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं पत्नीस संस्कृत शिकविलें. त्या मातेनें मुलीस शिकविलें. लहानपणापासून तीर्थयात्रा आणि पुराणें यांतच त्यांचें आयुष्य गेलें. आणि कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांना ‘सरस्वती’ ही पदवी दिली. अशी स्त्री पाहून पुण्यांतील एखाद्या गृहिणीनें ‘धन्य आहे’ असें म्हणावें, आणि ‘आपलें तसें कोठें आहे?’ असें म्हणून घरीं परतावें, हें अगदीं स्वाभाविक होतें.

येथें रमाबाई रानडे यांचें महत्त्व कळतें. लग्नाच्या वेळीं त्यांना अक्षरओळखहि नव्हती. माधवराव रानडे यांनीं त्यांना शिकविलें, तें रात्रीच्या वेळीं. आणि दिवसा घरांतील वडील बायकांचे टोमणे त्यांनीं ऐकून घ्यावे, असा क्रम वर्षानुवर्षें चालला. पंडिताबाईंच्या सभांना जाऊं लागल्यावर तर घरांतला रोष अधिकच वाढला. रमाबाईंनीं हें सारें आपल्या आठवणींच्या पुस्तकांत लिहून ठेविलें असून तें १९१० सालीं प्रसिद्ध झालें. सासर, सोवळेंओवळें, वडील माणसांचा धाक, सकाळचा स्वयंपाक, हें सर्व जिच्यामागें आहे, अशी एक घरची सून शिकते, सभेस जाते, पुढें स्वतः सभेंत बोलते, आणि १९०९ पासून पुण्याच्या सेवासदनाचा भार उचलते. ही गोष्ट शेजारच्या सुनेला आपलीशी वाटणें शक्य होतें. पंडिताबाईंनीं पल्ला दाखविला. रमाबाईंनीं त्या पल्ल्याची पहिली पायरी दाखविली. समाजाला दोहोंची गरज असते. परंतु पाऊल पडतें, तें पायरी दिसल्यावर.

त्याच सुमारास महाराष्ट्राची एक कन्या सातासमुद्रांपलीकडे गेली. आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५ सालचा. नवव्या वर्षीं विवाह झाला. चौदाव्या वर्षीं झालेलें मूल अवघ्या दहा दिवसांत गेलें. पति गोपाळराव यांचा शिक्षणाविषयींचा आग्रह हट्टाच्या सीमेस पोंचलेला होता. उत्तेजन हा आत्मविश्वासाचा एक झरा खरा. पण गोपाळरावांच्या आग्रहाला कठोरपणाची धार होती, आणि तेवढ्यानेंच आनंदीबाई घडल्या असें म्हणणें त्यांच्यावर अन्याय करणारें होईल. अमेरिकेस जाण्यापूर्वीं श्रीरामपूर येथें त्यांनीं सभेंत उभें राहून आपण कां जात आहों, हें स्वतः सांगितलें. ७ एप्रिल १८८३ रोजीं त्या कलकत्त्याहून निघाल्या. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांना जें पाहावयास मिळालें, तें स्वदेशीं त्यांना कोठेंहि पाहावयास मिळालें नव्हतें: वैद्यक शिकविणाऱ्या स्त्रिया, वैद्यक करणाऱ्या स्त्रिया, आणि महाविद्यालयाच्या प्रमुखपदीं रेचल बॉडली ही विदुषी.

११ मार्च १८८६ रोजीं आनंदीबाईंना एम्. डी. ही पदवी मिळाली. त्या समारंभाला प्रेक्षकांमध्यें पंडिता रमाबाई होत्या. त्यासाठीं त्या मुद्दाम इंग्लंडहून अमेरिकेस आल्या होत्या. ज्या स्त्रीला हजारोंनीं पाहिलें, ती स्त्री त्या दिवशीं दुसरीला पाहावयास आली होती, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. आनंदीबाई मायदेशीं परतल्या त्या क्षयानें पोखरलेलें शरीर घेऊन. कोल्हापूरच्या रुग्णालयांत त्यांची नेमणूक झाली होती. पण त्या जागेवर काम करण्यापूर्वींच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, पुण्यास त्यांचा अंत झाला. वयाचें बाविसावें वर्षहि पुरें झालें नव्हतें.

असा शेवट पाहून पाहणाऱ्या मुली काय शिकल्या असतील? शिकण्याच्या नादीं लागल्यानें हें असें होतें, असा बोध घेणारे व देणारे लोक त्या काळीं कमी नव्हते. या ठिकाणीं रखमाबाई यांचें उदाहरण उपयोगी पडतें. बालपणीं झालेला विवाह मान्य करण्यास नकार दिल्यामुळें १८८४ पासून कोर्टांत खेंचली गेलेली ही तरुणी १८८९ सालीं लंडनला वैद्यक शिकण्यास गेली, १८९४ सालीं तिनें तें शिक्षण पुरें केलें, व परत येऊन सुरतेस आणि पुढें राजकोटास दीर्घ काळ रुग्णसेवा केली. तिला या मार्गावर उत्तेजन देणाऱ्या एडिथ पीची या मुंबईच्या कामा रुग्णालयांत प्रत्यक्ष काम करीत होत्या. एडिंबरो विद्यापीठांत वैद्यक शिकण्यासाठीं १८६९ सालीं ज्या मोजक्या स्त्रिया झगडल्या, त्यांतल्याच या एक. बाईमाणूस डॉक्टर होऊन रोज सकाळीं कामावर जातें, हें मुंबईच्या रखमाबाईंना मुंबईंतच पाहावयास मिळालें. एका उदाहरणाचा करुण शेवट झाला, तरी दुसरें उदाहरण डोळ्यांपुढें चालतेंबोलतें असलें, म्हणजे धैर्याचा धागा तुटत नाहीं.

पंडिता रमाबाई अमेरिकेंतून परतल्या, आणि ११ मार्च १८८९ रोजीं, म्हणजे आनंदीबाईंच्या पदवीदानाला बरोबर तीन वर्षें झालीं त्या दिवशीं, त्यांनीं मुंबईस विधवांसाठीं ‘शारदासदन’ उघडलें. तेथें गेलेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यांतील देवरुखच्या जोशी घराण्यांतील गोदूबाई. लग्नानंतर थोड्याच काळांत वैधव्य आलेली ही मुलगी, मुंबईस राहणारे तिचे बंधु नरहरपंत यांच्या पुढाकारानें शाळेंत आली. शारदासदनांत तिला पुस्तकें मिळालीं. पण त्याहून मोलाचें असें दुसरें एक दृश्य मिळालें. देवरुखच्या घरांत विधवा म्हणजे कोपऱ्यांतली बाई; येथें संस्था चालविणारी बाईच विधवा होती, आणि पुढें पुढें आजूबाजूस तिच्यासारख्याच मुली लिहीत, वाचीत, हंसत, भांडत होत्या. आपल्यासारख्यांच्या घोळक्यांत राहिलें, म्हणजे आपलें वेगळेपण गळून पडतें. आणि जें एरवीं धाडस वाटलें असतें, तें नित्याचें वाटूं लागतें.

नरहरपंतांचे स्नेही धोंडो केशव कर्वे हे १८९१ सालीं पुण्यास फर्ग्युसन कॉलेजांत गणिताचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षीं त्यांची प्रथम पत्नी वारली. पुन्हां विवाह करावयाचा, तर विधवेशींच, असा त्यांचा निश्चय होता. ११ मार्च १८९३ रोजीं पुण्यास गोदूबाईंचा व त्यांचा विवाह झाला. तीन निरनिराळ्या वर्षांतील तीन घटना एकाच तारखेस घडाव्या, हा केवळ योगायोग. पण त्या घटना एकमेकींपासून तुटक नाहींत, हा योगायोग नव्हे. गोदूबाई आतां आनंदीबाई झाल्या, आणि पुढें सर्वतोमुखीं ‘बाया कर्वे’ या नांवानें ओळखल्या जाऊं लागल्या.

या विवाहाची किंमत मात्र जबर होती. कर्व्यांचें मूळ गांव दापोलीजवळील मुरूड. तेथील लोकांनीं त्यांच्यावर बहिष्कार घातला, आणि त्याची झळ घरच्या माणसांनाहि लागली. त्याच वर्षीं धर्मांतराच्या प्रश्नावरून शारदासदनावर मोठें वादळ आलें, व पुष्कळ पालकांनीं आपल्या मुली तेथून काढून नेल्या. पाहणारा माणूस आदर्शाचें यश तेवढें पाहतो, असें नाहीं. त्या यशाबद्दल आदर्शाला काय भोगावें लागलें, हेंहि तो तितक्याच बारकाईनें पाहतो. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारी मंडळी कर्व्यांनीं स्थापन केली. तरी असे विवाह हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होत राहिले, यांत नवल नाहीं. लोकांना मार्ग दिसला होता. पण त्या मार्गावर पडणारे दगडहि दिसले होते.

कर्वे यांचें शहाणपण असें, कीं त्यांनीं लोकांना भ्याड म्हणून दूषण दिलें नाहीं. त्यांनीं पायरीच लहान केली. १८९६ सालीं त्यांनीं अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली. विधवेनें विवाह करावा असा आग्रह न धरतां, तिनें शिकावें व आपल्या पायांवर उभें राहावें, एवढाच हेतु तेथें पुढें ठेवला. रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनीं पुण्याबाहेर हिंगणें येथें सहा एकर जमीन व साडेसातशें रुपये दिले. १९०० सालीं आश्रम तेथें एका झोंपडींत गेला. कॉलेजांतलें काम आटोपून कर्वे पायीं हिंगण्यास जात व आश्रमाचें काम पाहून परतत. आश्रमांतील मुलींनीं हेंहि रोज पाहिलें. चिखल तुडवीत येणारा हा गृहस्थ त्यांना निष्ठेवर व्याख्यान देत असो वा नसो, निष्ठा म्हणजे काय, हें त्यांना त्याच्या वहाणांवरून कळत होतें.

या आश्रमाच्या पहिल्या विद्यार्थिनींत बाया कर्वे यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले या होत्या. जन्म १८७० सालचा, विशींत वैधव्य, पदरीं एक मुलगा. शिकण्याचें वय लोकांच्या मतें केव्हांच उलटून गेलेलें होतें. पंडिता रमाबाईंची विद्वत्ता त्यांच्यापाशीं नव्हती, आनंदीबाई जोशींचें तारुण्यहि राहिलें नव्हतें. पण बाया ही सख्खी बहीण होती. एकाच घरांत दोघी वाढल्या. एकाच चुलीपाशीं जेवल्या. एकच दुःख दोघींच्या वांट्यास आलें. बायाचें बुजरेपण, तिच्या चुका, तिचें अडखळणें, हें सारें पार्वतीबाईंना ठाऊक होतें. हीच बहीण शिकली, घराबाहेर पडली, आणि जगाच्या शिव्याशापांतूनहि सुखरूप राहिली. त्या अर्थीं आपणहि कांहीं करूं शकूं, असें पार्वतीबाईंना वाटणें शक्य झालें. सर्वगुणसंपन्न आदर्शापेक्षां अडखळत अडखळत पुढें गेलेला आदर्श अधिक उपयोगी पडतो, तो असा.

आणि येथेंच दुसरी एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. बहिणीनें केलें तें पार्वतीबाईंनीं केलें नाहीं. त्यांनीं पुनर्विवाह केला नाहीं. पुष्कळ वर्षें जुन्या रीतीच्या विधवेचा वेषहि टाकला नाहीं. बहिणीपासून त्यांनीं घेतलें, तें कृत्य नव्हे. कृत्यामागचें बळ तेवढें घेतलें, आणि तें आपल्या स्वभावास मानवेल त्या कामीं लाविलें. त्या आश्रमांत शिकल्या, तेथील व्यवस्था पाहूं लागल्या, आणि मग झोळी घेऊन आश्रमासाठीं गांवोगांव फिरूं लागल्या. जुन्या वेषांतील ही विधवा सभेंत उभी राहून विधवांच्या शिक्षणासाठीं द्रव्य मागते, हें पाहून जुन्या वळणाच्या घरांचेंहि मन विरघळे. कारण त्या घरांना ती परकी वाटत नसे. पुढें त्यांनीं केशवपनाची रीतहि सोडली, पण ती स्वतःला पटल्यावर. १९१८ सालीं, वयाच्या ४८ व्या वर्षीं, इंग्रजी भाषेचें जेमतेम ज्ञान असतां, त्या एकट्या अमेरिकेस गेल्या. तेथें परक्यांच्या घरीं घरकाम करून पोट भरलें, इंग्रजी शिकल्या, संस्थेसाठीं पैसे जमविले, आणि १९२० सालीं परत आल्या. देवरुखच्या माजघरापासून अमेरिकेच्या स्वयंपाकघरापर्यंतचें हें अंतर एका उडींत कापलें गेलेलें नाहीं. बहिणीचें घर, आश्रम, शेजारचें गांव, परप्रांत, अशा एकेका पायरीनें तें कापलें गेलें. पाहून आलेल्या विश्वासाला स्वतःच्या लहान लहान यशांची जोड मिळत गेली. आणि अशी जोड मिळाली, म्हणजे तो विश्वास उसना राहत नाहीं.

व्यक्तीप्रमाणें संस्थाहि पाहून शिकतात. जपानांत टोकियो येथें १९०१ सालीं स्त्रियांचें विद्यापीठ निघालें होतें. त्याविषयींची एक पुस्तिका कर्व्यांच्या हातीं आली. आशियांतील एका देशानें आपल्या स्त्रियांसाठीं, आपल्या परिस्थितीस जुळेल असें विद्यापीठ चालवून दाखविलें, ही गोष्ट युरोपांतील कोणत्याहि उदाहरणापेक्षां त्यांना जवळची वाटली. १९१५ सालच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनीं ती कल्पना मांडली, व १९१६ सालीं स्त्रियांचें विद्यापीठ सुरू झालें. जपानची नक्कल मात्र त्यांनीं केली नाहीं. शिक्षण मातृभाषेंतून द्यावयाचें, इंग्रजी हा एक विषय म्हणून ठेवावयाचा, अशी घडण त्यांनीं येथील गरज पाहून केली. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं १५ लक्ष रुपयांची देणगी दिल्यावर या विद्यापीठास त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचें नांव देण्यांत आलें. ज्या कर्व्यांवर १८९३ सालीं स्वतःच्या गांवानें बहिष्कार घातला, त्यांना १९५८ सालीं, वयाच्या शंभराव्या वर्षीं, भारतरत्न ही पदवी मिळाली.

हा सारा इतिहास वाचतांना एका उणीवेकडे डोळेझांक करून चालणार नाहीं. ही सांखळी मुख्यत्वें पांढरपेशा, आणि त्यांतहि बहुधा ब्राह्मण, घरांतून गेलेली आहे. एका घरची बाई दुसऱ्या घरच्या बाईस दिसली, कारण तीं घरें एकमेकांच्या दृष्टीच्या टप्प्यांत होतीं. मुक्ता साळवे यांनीं १८५५ सालीं निबंध लिहिला; त्यांच्यासारख्या मुलींना पुढें दीर्घ काळपर्यंत आपल्यासारखी शिक्षिका, आपल्यासारखी डॉक्टर, आपल्यासारखी वक्ती दिसली असेल, तर ती विरळाच. त्या मुलींपाशीं बुद्धि कमी होती असें म्हणण्यास कांहींहि आधार नाहीं. ज्याच्यासाठीं कांठावरून पाहण्यासारखें पाण्यांत कोणी उतरलेलेंच नाहीं, त्यानें पोहण्याचें धाडस केलें नाहीं, म्हणून त्याला दोष देणें हा अन्याय होय. ‘त्यांच्यांत महत्त्वाकांक्षाच नाहीं,’ असें एखाद्या समाजाविषयीं किंवा वस्तीविषयीं सहजगत्या बोलणारांनीं आधीं हें विचारावें, कीं तेथील मुलांना आपल्यासारखें कोण दिसतें?

रमाबाई रानडे यांनीं आपल्या आठवणी लिहिल्या. पार्वतीबाई आठवले यांनीं १९२८ सालीं ‘माझी कहाणी’ प्रसिद्ध केली व दोन वर्षांनीं तिचें इंग्रजी भाषांतरहि निघालें. बाया कर्वे यांचें ‘माझें पुराण’ १९४४ सालीं बाहेर आलें. या स्त्रिया कोणी लेखिका म्हणून नांव मिळविण्यासाठीं बसलेल्या नव्हत्या. त्यांना आलेलें भय, झालेला अपमान, पडलेल्या अडचणी, हें त्यांनीं साध्या घरगुती भाषेंत मांडलें, आणि त्यामुळें ज्या मुलींना त्या प्रत्यक्ष दिसणें शक्य नव्हतें, त्यांनाहि त्या दिसल्या. मोठ्यांचीं चरित्रें सांगतांना त्यांच्या विजयांचीच यादी वाचून दाखविण्याची जी संवय घरोघरीं व शाळाशाळांतून असते, ती या दृष्टीनें तपासून पाहण्यासारखी आहे. मुलांपुढें केवळ शिखर ठेविलें, तर तीं मान वर करून पाहतील व टाळ्या वाजवितील. चढतांना कोठें पाय घसरला, कोणाचा हात धरला, कोठें बसून रडूं आलें, हेंहि त्यांना दाखविलें, तर त्यांतील एखादें मूल टाळ्या वाजवावयाचें थांबून वहाणा पायांत घालूं लागेल.